मित्र म्हणतो, मूळ खेळाला हात लावू नकोस

वाचकाचं पत्र :

आम्ही पाच मित्र दीड वर्षापासून एकच मोहीम खेळतोय. अंधाऱ्या तळघरात शिरायचं, दारं फोडायची, राक्षस मारायचे असा मिनिएचरचा, म्हणजे छोट्या पुतळ्यांचा, बोर्ड गेम आहे. डब्यातल्या सगळ्या मिनिएचर एकाच करड्या रंगाच्या, आणि आमची पात्रं आता त्यांच्यासारखी राहिलेलीच नाहीत. एका मित्राच्या ड्वार्फची, म्हणजे ठेंगण्या लढवय्या पात्राची, ढाल मोठ्या लढाईत दुभंगली, तरी पटावर ती अख्खी ढाल घेऊन उभी असते. मला सगळंच बदलायचंय : नवी मॉडेलं, खरी दारं, पेट्या, कार्डं, फासे. थ्रीडी प्रिंटर घ्यायचाही विचार आहे. ब्रश मात्र आजवर हातात धरलेला नाही. त्यातून ज्याची ती ड्वार्फ आहे, तोच मित्र म्हणतो, 'मूळ खेळाला हात लावू नकोस, गोंधळ होईल.' काय करू?
– करड्यांना कंटाळलेला

प्रिय वाचक,

ढाल दुभंगली तो डाव तुम्हा पाचही जणांच्या अजून लक्षात आहे, आणि पटावर मात्र त्याची कुठेच खूण नाही. तुमची खंत अगदी रास्त आहे. तेव्हा बदल कराच. फक्त 'सगळंच' नको, आणि सुरुवात प्रिंटरपासून तर मुळीच नको. तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. त्याचं ते अर्धं नीट ऐकून घेतलंत तर उरलेल्या अर्ध्यासाठी भांडावं लागणार नाही.

त्याचं बरोबर कुठे आहे ते आधी सांगते. पटावरच्या मिनिएचरला कामं असतात. ही कोण, नेमकी कुठल्या चौकोनात, आणि चार सारख्या राक्षसांतला जखमी कुठला, हे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या भिडूला न विचारता कळलं पाहिजे. 2012 मध्ये आलेला झॉम्बिसाइड हा बोर्ड गेम घ्या. त्यातले रेंगाळत चालणारे, धावणारे आणि धिप्पाड झोंबी रंग न देताही ढिगातून वेगळे काढता येतात, कारण त्यांची ओळख उभं राहण्याच्या ढबीत आहे. धावणाऱ्याच्या जागी तुम्ही कितीही देखणा पण ताठ उभा असलेला झोंबी ठेवलात, की कुणीतरी त्याची चाल चुकणारच. तुमच्या मित्राला ज्या गोंधळाची भीती वाटते तो हाच. म्हणून प्रत्येक नव्या मॉडेलची एक परीक्षा घ्या. नेहमीच्या उजेडात ते पटावर इतरांच्या घोळक्यात ठेवा, सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसा आणि डोळे किलकिले करून बघा. रंग, नक्षी, चेहरा यातलं काही दिसणार नाही, फक्त आकार दिसेल. त्या आकारावरून पात्र ओळखू आलं तर मॉडेल पास.

मग पट्टी घ्या आणि पटावरचा एक चौकोन मोजा. पुष्कळ खेळांत तो एक इंचाचा, म्हणजे 25.4 मिमीचा असतो आणि मूळ बेस, म्हणजे मिनिएचरखालची चकती, 25 मिमीचा. हल्लीची सुटी मॉडेलं मात्र बरेचदा 32 मिमीच्या बेसवर येतात. एकटं असताना ते रुबाबदार दिसतं. शेजारच्या तीन चौकोनांत तीन राक्षस येऊन उभे राहिले की बेस एकमेकांना ढकलू लागतात, आणि 'तो माझ्या शेजारी होता की तिरका?' हा वाद सुरू होतो. बेस मूळ मापाचाच ठेवा. हात पसरलेली, भाला आडवा धरलेली मॉडेलंही याच कारणाने टाळा. शस्त्र वर उगारलेलं असावं, नाहीतर अंगालगत.

उंचीचंही तसंच. 28 मिमी, 32 मिमी ही मापं साधारणपणे तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची सांगतात. दोन्ही एका पटावर आली तर फरक लगेच नजरेत भरतो. थ्रीडी प्रिंट करायची 28 ची फाइल 32 च्या मॉडेलांशी जुळवायची तर ती सुमारे 114 टक्के करावी लागते. बहुतेक बोर्ड गेममध्ये कोण कुणाला दिसतं हे चौकोनांवरून ठरतं, त्यामुळे थोड्या उंच मॉडेलने नियम बिघडत नाहीत. पण काही युद्धखेळांत मॉडेलच्या मागे डोकं नेऊन खरोखर काय दिसतं ते बघतात. तिथे उंची वाढवली की त्या पात्राला लपायला जागाच उरत नाही. तुमच्या नियमपुस्तिकेतलं नजरेच्या रेषेचं पान आधी वाचून घ्या.

आता बदलायचं कुणाला? फक्त नायकांना. नायक पाच आहेत, प्रत्येकाचा धनी ठरलेला आहे आणि तो आपलं पात्र ओळखतोच. राक्षस सगळ्यांचे असतात, त्यांना आत्ता धक्का लावू नका. आणि नायकात काय बदलायचं हे ज्याचं पात्र त्याने ठरवावं. प्रत्येकाला एवढंच विचारा, 'मोहीम सुरू झाल्यापासून तुझ्या पात्रात काय बदललं?' कुणी म्हणेल तलवार गेली, आता कुऱ्हाड आहे. कुणी म्हणेल एक डोळा गेला. एखाद्याला काहीच सुचणार नाही, त्याच्या मॉडेलला नुसता रंग द्या. भारी दिसतं म्हणून शोधून आणलेल्या नव्या मॉडेलचं कौतुक दोन डावांत ओसरतं. या उत्तरांतून निघालेला छोटासा बदल मात्र टिकतो, कारण तो बघितला की कुणीतरी ती लढाई पुन्हा सांगायला लागतं.

ढालीचं काम शिकण्यासाठीही उत्तम आहे. ढाल सपाट असते, जाड असते, आणि पातं जरा भलतीकडे गेलं तरी तो एक जास्तीचा घाव म्हणून शोभतो. मूळ ड्वार्फला हात लावू नका, ती डब्यातच राहू दे. त्याच मापाची दुसरी ड्वार्फ सुटी मिळवा. पेन्सिलने ढालीवर फुटीची रेषा आखा, वरच्या काठापासून मधल्या घुमटीपर्यंत, सरळ न नेता दोनदा वळवून. मग नवं पातं लावलेल्या क्राफ्ट नाइफने रेषेच्या दोन्ही अंगांनी तिरके, उथळ काप देत जा. एका जोरात आरपार जायचं नाही. मऊ प्लास्टिक पात्याला धरून ठेवतं, आणि जोर लावला की पातं निसटून थेट बोटात जातं. खाच काठाशी रुंद आणि घुमटीकडे निमुळती होऊ द्या. काठाचा एक कोपरा चपट्या पक्कडीने किंचित आत मुडपा. ढाल लाकडी असेल तर सुईच्या टोकाने खाचेच्या कडांवर उभे ओरखडे काढा, म्हणजे लाकडाचे तंतू उसवल्यासारखे दिसतील. रंग देताना खाचेच्या तळाशी गडद तपकिरी द्या आणि कडांना फिकट, पिवळसर, कारण ताजं फुटलेलं लाकूड आतून फिकटच असतं. ढाल धातूची असेल तर चंदेरी रंग ब्रशवर घेऊन जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका आणि तो कोरडा ब्रश नुसता कडांवरून ओढा. ही खाच टेबलाच्या पलीकडून दिसते आणि तरी ड्वार्फचा एकूण आकार होता तसाच राहतो.

कुऱ्हाड, हात किंवा डोकं बदलायचं तर आधी प्लास्टिक ओळखावं लागेल. बोर्ड गेमच्या डब्यातल्या मिनिएचर बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतात, तलवार बोटाने दाबली की वाकते. सुट्या भागांच्या किटमधल्या कडक पॉलिस्टायरीनच्या असतात. पॉलिस्टायरीनसाठी मिळणारं प्लास्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतं. पीव्हीसीवर आणि थ्रीडी प्रिंटच्या रेझिनवर त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू. पण सुपरग्लूचा सांधा ठिसूळ असतो, ठोकर लागली की सुटतो, आणि पाच जणांच्या हातांतून फिरणारी मिनिएचर कधी ना कधी टेबलावरून पडणारच. त्यासाठी मनगट किंवा मान जोडताना हातड्रिलने दोन्ही बाजूंना 1 मिमीचं भोक पाडा, आत पितळी तारेचा किंवा सरळ केलेल्या पेपरक्लिपचा तुकडा बसवा आणि मग चिकटवा. कपाटात ठेवायच्या मॉडेलला हे केलं नाही तरी चालतं, खेळायच्या मॉडेलला करायलाच हवं.

फटी बुजवायला आणि केस, पट्टे, फर घडवायला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लागते. निळी आणि पिवळी मळून हिरवी होणारी ग्रीन स्टफ वाळल्यावरही किंचित लवचिक राहते, म्हणून बारीक लोंबत्या गोष्टींना ती बरी. मिलिपुट ही दुसरी पुट्टी कडक होते, घासता येते, धार काढता येते, म्हणून पाती आणि दगड तिचे. दोन्ही हाताळताना बोटं आणि हत्यार ओलं ठेवा, नाहीतर पुट्टी मॉडेल सोडून तुम्हालाच चिकटेल. रात्रभर तरी तिला हात लावू नका. वाकलेले भाले सरळ करायला उकळून आचेवरून उतरवलेलं पाणी पुरतं. त्यात भाला अर्धा मिनिट धरा, चिमट्याने काढा, सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवा. हे काम रंगाच्या आधी उरकून घ्या.

प्रिंटर आत्ता घेऊ नका. फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, वितळवून थर देणाऱ्या प्रिंटरचं नेहमीचं नोझल, म्हणजे तोटी, 0.4 मिमीचं असतं. त्यावर दारं, खांब, पेट्या छान निघतात, पण 28 मिमीच्या माणसाचा चेहरा त्याच्या आवाक्याबाहेरचा. चेहऱ्यांसाठी रेझिन प्रिंटर लागतो, तो साधारण 0.05 मिमीच्या थरांनी छापतो आणि निकाल खरोखर सुंदर असतो. त्याच्यासोबत कच्चं, द्रवरूप रेझिनही घरात येतं. ते त्वचेला वारंवार लागलं तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, अतिनील प्रकाशात पक्कं करणं, उरलेलं रेझिन मोरीत न ओतता आधी उन्हात घट्ट करून मग टाकणं, एवढा सगळा व्याप पाच मॉडेलांसाठी मांडू नये. ज्याच्याकडे प्रिंटर आहे आणि जो ही काळजी घेतो, त्याच्याकडून छापून घ्या. त्याला थोडं लवचिक रेझिन मिसळायला सांगा, नुसतं साधं रेझिन पडलं की मनगटात तुटतं. आणि फाइलचा परवाना वाचा. ती 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असेल तर पैसे घेऊन छापून देणं त्यात बसत नाही. ज्या शिल्पकाराने ते मॉडेल घडवलं त्याचं पोट त्यावर आहे, म्हणून याबाबत मी कडक आहे.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण ते हातानेच शिकता येतं. आधी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने मॉडेल धुऊन वाळवा, साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, कायमचे चिकट राहतात, तेव्हा ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या, किंवा स्प्रे आधी एखाद्या फालतू राक्षसाच्या तळाला मारून दोन दिवसांनी बोट लावून बघा. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. त्यावर खोबणींत उतरणारा गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग, मग उंचवट्यांवर कोरडा ब्रश. नवशिक्याच्या हातून एवढ्यातच मॉडेल जिवंत होतं. डोळे रंगवू नका. या मापात न रंगवलेले डोळे सावलीत आहेत असं वाटतं, चुकलेले डोळे मात्र सगळ्यांना दिसतात. शेवटी वार्निश विसरू नका. हातांच्या घामाने रंग आधी नाक, गुडघे आणि शस्त्राच्या टोकावरून उडतो. आधी चकचकीत वार्निशचा थर मजबुतीसाठी, त्यावर मॅटचा दिसण्यासाठी.

राक्षसांना आत्ता धक्का लावू नका म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. त्यांच्या बेसच्या कडांना रंग आणि आकडे द्या. ग्लूमहेवन या बोर्ड गेममध्ये राक्षस पुठ्ठ्याचे असतात, पण प्रत्येकावर आकडा असतो, साध्या राक्षसाचा पाया पांढरा आणि बलाढ्याचा पिवळा. त्यामुळे 'तीन नंबरच्याला मारतो' एवढं म्हटलं की भागतं. तुमच्या राक्षसांना हेच करा. टेबलावर कुणाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नसेल तर ती जोडी टाळा. नुसत्या रंगावर अवलंबून राहूच नका, आकडा हवाच. सगळ्या बदलांत कमी कष्टाचा आणि डावाला सर्वाधिक मदत करणारा बदल हाच आहे, आणि माझी खात्री आहे की तुमच्या मित्रालाही तो पटेल.

दारं आणि पेट्या जरूर करा. 1989 च्या हीरोक्वेस्ट या बोर्ड गेमच्या डब्यात उभी दारं, टेबलं, पुस्तकांची कपाटं आधीपासूनच होती, आणि त्या खेळाच्या चाहत्यांना ती आजही हवीहवीशी वाटतात. दार करताना दोन गोष्टी बघा. ते चौकोनांच्या मधल्या रेषेवर उभं राहिलं पाहिजे, आणि उघडं की बंद हे लांबून कळलं पाहिजे. पेटी ज्या चौकोनात आहे तिथे नायकाला उभं राहता येत असेल, तर पेटीचं झाकण सपाट ठेवा किंवा पेटी चौकोनाच्या चौथाईएवढीच करा. ज्या टोकनच्या मागच्या बाजूला गुपित असतं, म्हणजे सापळा की खजिना, ते टोकन पुठ्ठ्याचंच राहू द्या. हाताने केलेल्या दोन पेट्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत, आणि भिडू चौथ्या डावापर्यंत सापळ्याची पेटी ओळखायला लागतात. फोमची भिंत किंवा खांब करणार असाल तर स्प्रे थेट मारू नका, त्यातल्या द्रावकाने फोम वितळतो. आधी पांढरा फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून त्याचा लेप द्या.

कार्डांची अडचणही गुपिताचीच. नेहमीचं कार्ड 63 × 88 मिमीचं असतं. घरी छापलेलं कार्ड मूळ गड्डीत घातलं की जाडीवरून, पाठीवरून ओळखू येतं. नवी कार्डं घालायचीच असतील तर पूर्ण गड्डीला अपारदर्शक पाठीच्या स्लीव्ह, म्हणजे कार्डाच्या मापाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, चढवा. चित्र 300 डीपीआयचं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांचं, करा, कापण्यासाठी चहूबाजूंनी 3 मिमी जास्तीचं सोडा. फासे मात्र बदलू नका. घरी ओतलेल्या रेझिनच्या फाशात हवेचा बुडबुडा अडकला की वजन एका अंगाला जातं, आणि मग एखादा डाव हरल्यावर सगळा राग त्या फाशावर निघतो. नवे फासे हवेच असतील तर तयार विकत घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा.

शस्त्रं बदलती ठेवण्यासाठी काही जण मनगटात छोटे निओडिमियम चुंबक बसवतात. 2 मिमी व्यासाचा, 1 मिमी जाडीचा चुंबक पुरतो. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या, नाहीतर अर्धी शस्त्रं हाताला चिकटण्याऐवजी दूर पळतील. पण घरात लहान मूल असेल तर हा बेत सोडून द्या. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

रंगवलेल्या, जोडलेल्या मिनिएचर डब्यातल्या मूळ खाचांत बसणार नाहीत, बसल्या तरी रंग घासला जाईल. त्यांच्यासाठी वेगळा डबा करा, बेसखाली चुंबकाची पट्टी आणि डब्याच्या तळाला पातळ पत्रा. मूळ सगळे तुकडे, एकूणएक टोकनं, पिशवीत भरून खेळाच्या डब्यात परत ठेवा, म्हणजे कुठल्याही संध्याकाळी पाच मिनिटांत मूळ खेळ मांडता येईल.

हे शेवटचं आधी मित्राला सांगा, रंग आणायच्या आधी. मग त्याला परवानगी मागू नका, परीक्षक करा. लांबच्या खुर्चीवर त्याला बसवा, नवं मॉडेल घोळक्यात ठेवा आणि कोण कुठे आहे ते त्याला सांगू द्या. तो अडखळला तर तो बदल मागे घ्या, वाद न घालता. त्याच्या ड्वार्फची ढाल कुठून कुठपर्यंत फुटली हेही त्यालाच पेन्सिलने आखायला सांगा. ती लढाई त्याच्या डोळ्यांसमोर तुमच्यापेक्षा लख्ख असेल. एवढं करूनही तो म्हणाला, की माझी ड्वार्फ आहे तशीच करडी हवी, तर ती करडीच राहू द्या, आणि पहिली खाच तुमच्या स्वतःच्या पात्राच्या ढालीवर पाडा.